उर्दू चिठ्ठ्यांच्या पाच बाटल्या

दोन जून २०१४, सोमवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. वेळ नेमकी लक्षात आहे, कारण दारावर थाप पडली तेव्हा मी मनगटी घड्याळाला चावी देत होतो आणि किती फिरवून झाली ते विसरलो.

दारात आमच्या वृद्धाश्रमातील सिस्टर उभी होती. हातात वही, दुसऱ्या हातात किल्ल्यांचा जुडगा. हैदराबादेत तारनाक्याच्या रस्त्यावर मध्यरात्रीपासून फटाके वाजत होते. त्या दिवशी आंध्रातून वेगळे होऊन नवे राज्य अस्तित्वात येत होते आणि विद्यापीठाची मुले झोपली नव्हती. आम्हीही फारसे झोपलो नव्हतो.

"तातय्या, आज से नया कायदा," ती म्हणाली. तेलुगूत आजोबांना तातय्या म्हणतात. तिच्या लेखी आम्ही सगळेच तातय्या होतो.

तो नियम आठवडाभर फलकावर लावलेला होता. ज्याला आपली औषधे स्वतःकडे ठेवून स्वतः घ्यायची आहेत, त्याने ती सिस्टरला दाखवावीत. गोळी कोणती, कधी घ्यायची आणि कशासाठी, हे सांगावे. सांगता आले तर टेबलाच्या खणाची किल्ली त्याच्याकडे राहील. नाही आले तर औषधे सिस्टरकडे जातील आणि वेळेवर त्याच्या हातावर ठेवली जातील. महिन्याने पुन्हा विचारले जाईल.

फलक मी वाचला होता. त्यात चूक काढण्यासारखे काही नव्हते. मात्र तो माझ्यासाठी नाही, याबद्दल मला शंका नव्हती. मी सदतीस वर्षे सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. त्या आश्रमात जेवणाची वेळ माझी नव्हती, दिवा मालवण्याची माझी नव्हती, खोलीतला पंखाही माझ्या एकट्याच्या मर्जीने फिरत नसे. औषध तेवढे माझ्या हातात होते. तेवढे पुरेसे होते.

माझ्याबरोबर त्या खोलीत चार वर्षे एक निवृत्त गार्ड राहत होते. मूळचे परभणीकडचे, वडील काचीगुड्याला रेल्वेत खलाशी म्हणून लागले, मुलगा मालगाडीचा आणि पुढे पॅसेंजरचा गार्ड झाला. आम्ही एकमेकांना हुद्द्याने हाक मारत असू. त्यांची औषधे एका जुन्या जेवणाच्या डब्यात असत, पट्ट्यांसकट, रबर लावून. मला तो प्रकार गबाळा वाटे.

त्यांची एक सवय होती. स्टेशनातून गाडी सुटली की गार्ड आणि ड्रायव्हर एकमेकांना झेंडी दाखवून सारे ठीक असल्याची खूण करतात. समोरून उत्तर येईपर्यंत गार्ड नजर हटवत नाही. तसे हे गृहस्थ रोज गोळीची पट्टी हात लांब करून माझ्यासमोर धरत आणि मोठ्याने म्हणत, "सकाळची, साखरेची, न्याहारीआधी." मी "ऑल राईट" म्हणेपर्यंत गोळी तोंडात टाकत नसत. मी वर्तमानपत्रामागून "ऑल राईट" म्हणत असे. त्यांनी अनेकदा सुचवले की मीही तसे करावे. मी नकार दिला. ज्याने आयुष्यभर इतरांना औषध दिले, त्याने ते घेताना दुसऱ्याला विचारावे, हे मला पटत नव्हते.

सिस्टरने प्रथम त्यांनाच विचारले. त्यांनी डबा उघडून पट्ट्या ओळीने मांडल्या.

"ही साखरेची, न्याहारीआधी. ही कोलेस्टेरॉलची, रात्री. ही गुडघ्याची, पण दुखलं तरच, आणि पोट भरल्यावर." सिस्टरला मराठी समजे, बोलता येत नसे; तरी मग हिंदीत तेच सगळे पुन्हा सांगितले. "और हर टाइम कंपाउंडर साब से सिग्नल लेता हूँ, सिस्टर."

"साब सिग्नल देते?"

"देते. परवा मी कंगवा दाखवला. तरी ऑल राईट म्हणाले."

सिस्टर हसली. कंगव्याचे ते मला तेव्हाच कळले.

तिने त्यांच्या खणाची किल्ली जुडग्यातून काढून त्यांच्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे वळली. मी आधीच बाटल्या काढून मांडल्या होत्या.

त्या पाच बाटल्यांविषयी सांगितल्याशिवाय पुढचे सांगता येणार नाही.

मी हैदराबाद संस्थानात जन्मलो. शाळेत उर्दूतून शिकलो, घरी मराठी बोललो. वयाच्या विसाव्या वर्षी काचीगुड्याच्या दवाखान्यात उमेदवार म्हणून लागलो. औषधाची खोली लांबट होती. एका बाजूला जाळीची खिडकी, तिच्यापलीकडे रुग्णांची रांग. दुसऱ्या बाजूला छतापर्यंत फळ्या. फळ्यांवर काचेच्या बाटल्या, प्रत्येकीवर उर्दूत लिहिलेली चिठ्ठी आणि चिठ्ठीवर वार्निशचा हात. ओव्याच्या अर्काचा आणि ओल्या लाकडाचा वास त्या खोलीतून कधी गेला नाही. आजही ओव्याची फोडणी बसली की मी क्षणभर त्या खिडकीशी उभा असतो.

तेथील मुख्य कंपाउंडर वयस्क गृहस्थ होते. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत असू. त्यांनी मला पातळ औषधाच्या बाटलीवर मात्रेची पट्टी चिकटवायला शिकवले. कागदाची अरुंद पट्टी दुमडून कात्रीने दोन्ही कडांना खाचा पाडायच्या आणि ती बाटलीवर उभी डकवायची. एक खाच म्हणजे एक मात्रा. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा खाच मोजून बरोबर औषध घेई. भुकटीची पुडी बांधायला त्यांनी शिकवले, ती अशी की खिशातून नेली तरी कण सांडू नये. माझ्या पहिल्या पुड्या त्यांनी माझ्या डोक्यावर झटकल्या होत्या.

"मियाँ, ये दवा है या होली का रंग?"

पण त्यांचा खरा धडा निराळा होता. चिठ्ठी तीन वेळा वाचायची. बाटली फळीवरून उचलताना एकदा, ओतताना एकदा, परत ठेवताना एकदा. मनात नाही, मोठ्याने. एकदा मी दोनदा वाचून बाटली ठेवली. त्यांनी ती पुन्हा माझ्या हातात दिली आणि खिडकीपलीकडची रांग थांबवून ठेवली.

"मेरे को मालूम है उस्ताद, सोडा है," मी म्हणालो.

"मालूम है बोल के ही लोगाँ मरते. पढ़."

मी वाचले. रांगेतला एक हमाल म्हणाला, "अब मेरे को भी याद हो गया, साब." सगळी रांग हसली. उस्ताद हसले नाहीत.

छप्पन साली राज्याची वाटणी झाली. मराठवाडा मुंबई राज्यात, गुलबर्ग्याकडचा भाग म्हैसूरला, बाकीचा आंध्रात. नोकरवर्गाच्याही याद्या लागल्या. आमच्या दवाखान्यातले औरंगाबाद आणि नांदेडचे लोक एकेक करून निघाले. काचीगुड्याच्या स्टेशनावर त्या ऑक्टोबरात मी आठ दिवसांत तीन वेळा पोहोचवायला गेलो. मला विचारले गेले तेव्हा मी राहतो असे लिहून दिले. कारण विचारणाऱ्यांना मी सांगत असे की बिऱ्हाड हलवणे नको. खरे कारण ती खोली होती. हे मी पत्नीलाही फार उशिरा सांगितले. ती म्हणाली, "मला ठाऊक होतं. कपड्यांना ओव्याचा वास असतो."

नव्या राज्यात चिठ्ठ्या इंग्रजीत असाव्यात असा हुकूम आला. मी आणि उस्तादांनी दोन दिवस बसून जुन्या चिठ्ठ्या गरम पाण्याने सोडवल्या. काही बाटल्या यादीबाहेर निघाल्या. शेवटच्या दिवशी उस्तादांनी त्यांतल्या पाच लहान बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिल्या.

"रख ले. काँच अच्छा है."

त्यांच्या तोंडून मी ऐकलेला तो सर्वांत हळवा उद्गार होता. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

त्या बाटल्या मी जवळजवळ साठ वर्षे सांभाळल्या. पत्नी अंथरुणाला खिळली तेव्हा सहा वर्षे तिची औषधे त्यांतच होती. मी पट्टीतून गोळ्या काढून बाटलीत भरी आणि उर्दूत चिठ्ठी लावी, कारण औषधाचे नाव माझ्या हातातून त्याच लिपीत उतरत असे. तिला उर्दू वाचता येत नव्हते. तिने बाटल्यांच्या गळ्यांना दोरे बांधले. पांढरा सकाळचा, पिवळा दुपारचा, काळा रात्रीचा. मी घरी नसताना तिने कधी चुकीची बाटली उचलली नाही. ती गेल्यावर मी आश्रमात आलो. बाटल्या बरोबर आल्या, दोऱ्यांसकट.

तर त्या पाच बाटल्या सिस्टरसमोर होत्या. तिने पहिली उचलली. पांढरा दोरा.

"ये कौनसी?"

"ब्लड प्रेशरची. अडीच मिलिग्रॅम. रोज एक, न्याहारीनंतर."

"लिखा क्या है?"

"फ़िशार-ए-ख़ून. तेच."

तिने बाटली उजेडात धरली, मग माझ्याकडे पाहिले. "तातय्या, कल आप चक्कर खाके गिरे, तो मेरे को कौन पढ़के बताएगा? गार्ड तातय्या को आता उर्दू?"

"नाही येत," गार्डसाहेब म्हणाले. "मला फक्त 'मूत्रीखाना' ओळखू येतं. स्टेशनावर लिहिलेलं असायचं."

"पट्टीवर नाव असते," मी म्हणालो.

"पट्टी किधर है?"

पट्टी मी फेकून दिली होती. दवाखान्यात औषध फळीवर चढले की वेष्टन कचऱ्यात जाई. तीच सवय.

तिने बाटली कागदावर उपडी केली. गोळ्या पांढऱ्या, गोल, सारख्या दिसणाऱ्या. ती त्या बोटाने सरकवू लागली आणि थांबली. काही गोळ्यांच्या मधोमध रेघ होती. काहींच्या नव्हती. रेघेच्या गोळ्या किंचित मोठ्या होत्या. तिने दोन ढीग केले.

"ये दो अलग है, तातय्या."

"कंपनीने साचा बदलला असेल," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखीचा वाटला. औषध बदलून मागायला आलेल्या रुग्णांशी मी याच आवाजात बोलत असे.

तिने वाद घातला नाही. तिने रेघेच्या गोळ्या मोजल्या. एकवीस. मग माझ्या पायांकडे पाहिले. मीही पाहिले. घोट्यांवर सूज होती. आठवडाभर होती. मी उन्हाळ्यावर ढकलली होती. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येई, तीही उन्हाळ्यावर. दोनच दिवसांपूर्वी गार्डसाहेबांनी विचारले होते, "काय कंपाउंडरसाहेब, चप्पल लहान झाली का पाय मोठे झाले?" मी त्यांना चप्पल जुनी असल्याचे सांगितले होते.

गार्डसाहेब त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखे काही नव्हते. मुले गुलाल उधळत मोटारसायकली पळवत होती, आणि ते सकाळपासून चालले होते. ते बाहेर का पाहत आहेत हे मला समजले, आणि त्यामुळेच मला आठवले.

दहा दिवसांपूर्वी आम्ही दोघे कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो होतो. दुकानदार म्हणाला होता, "साब, ढाई वाली नहीं है. पाँच की ले जाओ, आधी करके लेना." मी दोन पट्ट्या घेतल्या, तीस गोळ्या. परत येताना गार्डसाहेब म्हणाले, "अर्धी करायची म्हणाला, बरं का." मी उत्तर दिले, "झेंडी तुम्ही दाखवा. औषध माझ्यावर सोडा."

ब्लेडने गोळ्या अर्ध्या करायच्या असे मी ठरवलेही होते. खोलीत येऊन मी पट्ट्या फोडल्या, गोळ्या जुन्या गोळ्यांवर बाटलीत ओतल्या आणि पट्ट्या फेकल्या. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. ब्लेड राहिले. पट्टी समोर असती तर दुसऱ्या सकाळी तिने मला आठवण दिली असती. बाटलीवर माझेच अक्षर होते. ते मला जे ठाऊक होते तेवढेच सांगत होते. आणि तेही मी वाचले नव्हते. एकदाही नाही, तीनदा दूरच. पांढरा दोरा पाहून बाटली उचलत होतो.

तिसातून एकवीस गेले. नऊ दिवस मी दुप्पट मात्रा घेत होतो.

गार्डसाहेबांनी अजूनही मान वळवली नव्हती. ते एक शब्द बोलले असते तर मी त्यांच्यावर रागावू शकलो असतो.

मी सिस्टरला सगळे सांगितले. दुकानदाराचे वाक्य, ब्लेड, पट्ट्या. तीन-चार वाक्यांत झाले.

तिने वहीत लिहिले, माझा रक्तदाब मोजला आणि बाहेर जाऊन डॉक्टरांना फोन केला. रक्तदाब माझ्या नेहमीच्यापेक्षा बराच खाली होता. डॉक्टरांनी त्या दिवशी गोळी देऊ नका आणि सकाळ-संध्याकाळ मोजा, असे सांगितले. तिने हे मला येऊन सांगितले आणि खुर्ची ओढून बसली. तोवर ती उभीच होती.

"तातय्या, मैं क्या करूँ, आपीच बोलो. आपके दवाखाने में कोई ऐसा करता, तो?"

तिच्या स्वरात उपहास नव्हता. ती खरोखर विचारत होती, धाकट्याने थोरल्याला विचारावे तसे. मी जाळीची खिडकी, थांबलेली रांग आणि परत माझ्या हातात दिलेली बाटली डोळ्यांपुढे पाहिली.

"फळीची किल्ली काढून घेतली असती," मी म्हणालो.

"कितने दिन?"

"वाचायला शिकेपर्यंत."

माझ्या खणाची किल्ली तिने अजून जुडग्यातून काढलीच नव्हती. मी बाटल्यांतल्या सगळ्या गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर काढून दिल्या. प्रत्येक कागदावर देवनागरीत आणि खाली इंग्रजीत नाव लिहिले. साखरेची, आम्लपित्ताची, रक्त पातळ ठेवणारी, रात्री लघवीसाठीची. रक्तदाबाचे दोन कागद केले. मोकळ्या गोळ्या ठेवता येणार नाहीत, नव्या पट्ट्या मागवू, असे ती म्हणाली. बरोबर होते. मीही तेच केले असते. तिने कागद नेले आणि जाताना दार हळू लावले. मला ते दार नेहमीसारखे आपटलेले चालले असते.

न्याहारीला सगळे टीव्हीसमोर होते. शपथविधी चालू होता. एका आजींनी विचारले, "आता आपण कुठल्या राज्यात?" कोणीतरी उत्तर दिले, "खोली तीच आहे, आजी. चहा घ्या." मला छप्पनचा ऑक्टोबर आठवला. राज्य दुसऱ्यांदा माझ्याभोवती बदलत होते आणि दोन्ही वेळा मी जागचा हललो नव्हतो. पहिल्या वेळी माझ्या हाती बाटल्या आल्या होत्या.

न्याहारीनंतर सिस्टरने साखरेची गोळी माझ्या तळहातावर ठेवली, नाव मोठ्याने वाचले आणि मी गिळेपर्यंत उभी राहिली. रुग्ण जाळीपलीकडून हात पुढे करत, तेव्हा त्यांना कसे वाटत असेल याचा विचार मी सदतीस वर्षांत केला नव्हता. तो त्या दिवशी केला. तळहात रिकामा धरून थांबणे अवघड असते.

संध्याकाळी साडेसातला, जेवणानंतर, गार्डसाहेबांनी आपला खण किल्लीने उघडला, डबा काढला आणि पट्टी हातात घेऊन पलंगावर बसून राहिले.

"काय झाले?" मी विचारले.

"सिग्नल मिळेना."

"तुमची किल्ली तुमच्याकडे आहे. घ्या गोळी."

"तसं नसतं, साहेब. समोरून खूण आली नाही तर गाडी थांबवतात. मी इंजिनातून झेंडी दिसेपर्यंत थांबायचो. एकदा विकाराबादच्या अलीकडे अर्धा तास थांबलो. ड्रायव्हर झोपला होता."

"मी झोपलो नव्हतो."

"कंगव्याला ऑल राईट म्हणालात."

मी चष्मा लावला, उठलो आणि त्यांच्याजवळ गेलो. पट्टी त्यांच्या हातातून घेतली. नाव मोठ्याने वाचले. मात्रा वाचली. मागे छापलेली मुदत वाचली, ती त्यांनी कधी पाहिली नव्हती. अजून सात महिने शिल्लक होते. गोळी काढताना नाव पुन्हा वाचले आणि ती त्यांच्या हातावर ठेवली.

"दोनदा झालं," ते म्हणाले.

"ठेवताना तिसऱ्यांदा." मी तिसऱ्यांदा वाचले. "ऑल राईट."

त्यांनी गोळी घेतली, वर घोटभर पाणी प्यायले. "फार वेळ लागतो तुमच्या सिग्नलला," म्हणाले. "गाडी लेट होणार रोज."

"होऊ द्या."

आठ वाजता सिस्टर माझी रात्रीची गोळी घेऊन आली. मी तळहात पुढे केला. तिने वाचायला तोंड उघडले, तेव्हा मी म्हणालो की मी वाचतो. तिने पट्टी माझ्यापुढे धरली. मी वाचले. तिने मान डोलवून वहीत खूण केली.

ती गेल्यावर मी पाचही बाटल्या बेसिनपाशी नेल्या. गळ्यांचे दोरे सोडवले. पांढरे दोन, पिवळा एक, काळे दोन. गाठी घट्ट होत्या, नखाने सुटल्या नाहीत, टाचणी लागली. दोरे वर्तमानपत्राच्या तुकड्यात ठेवून पुडी बांधली आणि ती शर्टाच्या खिशात घातली. चिठ्ठ्या गरम पाण्यात भिजवून सोडवल्या. मग बाटल्या साबणाने आतून-बाहेरून धुतल्या, दोन पाण्यांनी खंगाळल्या आणि खिडकीच्या कठड्यावर फडके अंथरून उपड्या घातल्या.